वळताना गाडी घरघरते आणि बेअरिंग बदलूनही आवाज परत येतो

माझी गाडी १४ वर्षांची. पुढच्या चाकांवर चालणारी साधी हॅचबॅक, १,४०,००० किलोमीटर झालेली. गेल्या वर्षी ती उजवीकडे वळताना घरघरायला लागली. सरळ जाताना गप्प, डावीकडे वळताना गप्प, आणि उजवीकडे स्टेअरिंग जरा कललं की रिकामं जातं ओढल्यासारखी घर्रर्र. मी छातीठोकपणे सांगून टाकलं की उजवं बेअरिंग, म्हणजे चाक ज्यावर मोकळं फिरतं ती गोळ्यांची कडी, गेलंय. मेकॅनिकनेही गाडी फार न तपासता मान डोलावली आणि उजवं बेअरिंग बदललं. गॅरेजमधून बाहेर पडलो, पहिलंच उजवं वळण, आणि आवाज जसाच्या तसा.

धाकटा भाऊ शेजारी डावीकडे बसला होता. म्हणाला, "दादा, आवाज माझ्या पायाखालून येतोय." मी म्हटलं, "उजवीकडे वळताना येतो ना, मग उजवंच चाक असणार. गप बस." तो गप बसला, पण बरोबर तोच होता. आठवड्याभराने डावं बेअरिंग बदललं आणि गाडी शांत झाली. चार महिन्यांनी तोच आवाज, त्याच चाकातून, परत. तिसऱ्यांदा चाक उघडलं तेव्हा मी शेजारी उकिडवा बसून सगळं बघितलं, आणि तेव्हा कुठे कळलं की नवं बेअरिंग का टिकलं नव्हतं. ते पुढे सांगतो. आधी आवाज नेमका कुठला, हे कसं शोधायचं ते बघू, कारण माझा पहिला खर्च तिथेच वाया गेला.

आवाजाला आधी नाव द्या

या बाबतीत आपली भाषा मेकॅनिकच्या अर्ध्या हत्यारांइतकी कामाची आहे. गॅरेजमध्ये जाऊन "वळताना आवाज येतो" एवढंच सांगू नका. घरघर म्हणजे एकसारखा, जाडा, चाकाबरोबर वेग घेणारा आवाज. त्यात संशय पहिला बेअरिंगवर, मग टायरवर. कटकट किंवा टकटक म्हणजे मोजता येतील असे सुटे ठोके, गाडी जोरात गेली की ठोकेही जलद. ती सीव्ही जॉइंटची, म्हणजे इंजिनचा जोर वळत्या चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्यावरच्या सांध्याची बोली. खरखर किंवा खसखस म्हणजे पत्रा किंवा रबर कशाला तरी घासतंय. करकर, कुरकुर ही कोरड्या पडलेल्या सांध्यांची: बॉल जॉइंट (चाक वळू देणारा गोळीचा सांधा), स्ट्रटचं (पुढच्या शॉकअप-स्प्रिंगच्या जोडीचं) वरचं माउंट, रबरी बुश. गाडी उभी असताना स्टेअरिंग फिरवल्यावर येणारा कण्हल्यासारखा "ऊंऽऽ" हा पॉवर स्टेअरिंगच्या पंपाचा. आणि ब्रेक दाबल्यावर लोखंडावर लोखंड घासल्याचा जो कर्रकश आवाज येतो, त्याला नाव द्यायची गरज नाही, तो ऐकल्यावर माणूस आपणहून गाडी बाजूला घेतो.

मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून ठेवा. गॅरेजच्या दारात गाडी हमखास शहाण्यासारखी वागते.

पहिला प्रश्न: गाडी उभी असताना आवाज येतो का?

ही चाचणी दोन मिनिटांची आहे आणि निम्मे संशयित तिथेच सुटतात. गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, इंजिन चालू ठेवा आणि स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. चाकं जागेवरच आहेत, फक्त दिशा बदलताहेत. अशा वेळी आवाज आला तर चाकाचं बेअरिंग आणि सीव्ही जॉइंट सध्या बाजूला ठेवा. ते दोघे चाक गोल फिरल्याशिवाय सहसा बोलत नाहीत.

उभ्या गाडीतल्या आवाजाचा जुन्या गाड्यांमधला नेहमीचा धनी म्हणजे स्ट्रटचं माउंट. पुढचं शॉकअप आणि त्याच्याभोवतीची स्प्रिंग, हे सगळं प्रकरण स्टेअरिंगबरोबर फिरतं. ते फिरावं म्हणून वर, बॉनेटखालच्या गोल पत्र्याच्या आत, रबरी माउंटबरोबर एक चपटं बेअरिंग असतं. त्यात वर्षानुवर्षं धूळ आणि पाणी गेलं की ते अडकतं. मग स्प्रिंग मोकळी फिरत नाही, पिळली जाते, आणि पीळ अनावर झाला की "टुंग" करून सुटते. बॉनेट उघडा, दुसऱ्या कुणाला स्टेअरिंग फिरवायला सांगा आणि स्ट्रटच्या वरच्या टोकावर तळहात ठेवा. माउंट गेलं असेल तर कानाआधी हाताला कळतं: खरखर, अडखळणं, मग एक झटका. स्प्रिंगला हात लावायचा असेल तर बाहेरून बोटांची टोकं नुसती टेकवा. वेढ्यांमध्ये बोट घालायचं नाही. स्प्रिंग उडी मारते ती बोट ओळखून मारत नाही.

आवाज इंजिन चालू असतानाच येतो आणि बंद केल्यावर जड स्टेअरिंग फिरवताना येत नाही, असं असेल तर हायड्रॉलिक पॉवर स्टेअरिंगकडे बघा. टाकीतलं तेल कमी झालं की पंप हवा ओढतो आणि कण्हतो. झाकण उघडल्यावर तेलात फेस दिसला तर हवा जातेच आहे असं समजा. इथे लोक एक चूक वर्षानुवर्षं करतात: तेल भरतात, आवाज थांबतो, महिन्याने परत भरतात. हे तेल जळून संपत नाही. कमी झालंय म्हणजे कुठून तरी गळतंय, रॅकच्या (स्टेअरिंगचं वळण चाकांकडे नेणाऱ्या दांड्याच्या) टोकाच्या रबरी बुटातून (आवरणातून), पाइपच्या जोडातून किंवा पंपाच्या सीलमधून. बूट दाबून बघा, आत तेल डुचमळत असेल तर रॅकचं सील गेलंय. तेल कुठलं घालायचं ते झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये असतं. काही गाड्यांना एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) चालतं, काहींना पॉवर स्टेअरिंगचं वेगळं लागतं, आणि "लालच तर आहे" म्हणून काहीही ओतल्यावर सील फुगलेली मी बघितली आहेत. शेवटच्या टोकाला स्टेअरिंग धरून ठेवल्यावर थोडा आवाज प्रत्येक हायड्रॉलिक गाडीत येतो, तेव्हा पंपाचा प्रेशर व्हॉल्व्ह उघडलेला असतो. तिथे पाच सेकंदांपेक्षा जास्त रेंगाळू नका. चिरका, कानात जाणारा आवाज असेल तर पट्टा ढिला किंवा गुळगुळीत झालाय.

इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंगच्या गाडीत यातलं तेलाचं काहीच नसतं, त्यामुळे तेल तपासा म्हणणाऱ्याला आधी टाकी दाखवायला सांगा.

आवाज बाहेरून न येता डॅशबोर्डच्या मागून, स्टेअरिंगच्या चाकाजवळून येत असेल तर तो बहुतेक वेळा किरकोळ असतो. स्टेअरिंगखालचं प्लॅस्टिकचं कव्हर घासतं, किंवा दांडा जिथून फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) बाहेर पडतो तिथला रबरी बूट कोरडा होतो. त्याला सिलिकॉन ग्रीस लावा, पेट्रोलियमचं ग्रीस रबर खातं. पण स्टेअरिंग फिरवल्यावर आतून कागद चुरगळल्यासारखा आवाज येऊन हॉर्न कधी वाजतो कधी नाही, किंवा एअरबॅगचा दिवा लागला, तर आतली क्लॉक स्प्रिंग, म्हणजे हॉर्न आणि एअरबॅगच्या तारांची गुंडाळलेली पट्टी, तुटत आलीय. तिथे स्वतः स्क्रू ड्रायव्हर घालू नका, समोर एअरबॅग आहे.

दुसरा प्रश्न: हळू चालवत, स्टेअरिंग पूर्ण कापून

मोकळी, रिकामी जागा शोधा. पहिल्या गिअरमध्ये स्टेअरिंग एका टोकाला नेऊन गोल गोल फिरवा, मग दुसऱ्या बाजूने, मग रिव्हर्समध्ये. मधूनच अॅक्सिलरेटर थोडा दाबा, सोडा, परत दाबा.

अॅक्सिलरेटर दाबल्यावर कटकट वाढते आणि सोडल्यावर मावळते, तर बाहेरचा सीव्ही जॉइंट. याच्या आत सहसा सहा गोळ्या असतात आणि त्या खाचांमधून चालतात. गाडी सरळ असताना गोळ्या खाचेच्या मधोमध जवळपास स्थिर असतात. चाक वळवलं की प्रत्येक फेऱ्यात त्या खाचेत पुढे-मागे धावतात, आणि खाच झिजून खड्डा पडला असेल तर त्यात आपटतात. म्हणून सरळ रस्त्यावर हा जॉइंट साळसूद असतो. कुठल्या बाजूचा, हे कानाने ठरवत बसू नका, वाकून बघा. रबरी बूट फाटला असेल तर काळं ग्रीस चाकाच्या आतल्या अंगाला, लोअर आर्मवर, कॅलिपरवर (ब्रेकच्या पकडीवर) चाबकासारखं फेकलेलं दिसतं. बूट नुकताच चिरलाय आणि आवाज अजून नाही, तर ग्रीस धुऊन, नवं भरून, नवा बूट बसवून जॉइंट वाचतो. कटकट सुरू झाल्यावर मात्र बूट बदलणं म्हणजे घोडा पळाल्यावर तबेल्याला कुलूप. नव्या ग्रीसने दहा-पंधरा दिवस गप्प होईल, मग पुन्हा बोलेल. खाच झिजली ती झिजली.

कटकट नाही पण शेवटच्या टोकालाच खसखस येते, तर टायर आतल्या प्लॅस्टिकच्या अस्तराला घासतोय. कंपनीच्या मापापेक्षा रुंद टायर टाकलेल्या गाड्यांत हे हमखास. अस्तराची एखादी क्लिप तुटून ते लोंबतंय एवढंच कारणही पुरतं. पुरावा शोधायला हातातली बॅटरी (टॉर्च) पुरे: घासलेली जागा चकचकीत काळी दिसते.

आणि खडा! ब्रेक डिस्कच्या मागे पातळ पत्र्याचं डस्ट कव्हर असतं. त्यात आणि डिस्कमध्ये बारीक खडा अडकला की असा काही लोखंडी किंचाळा निघतो की वाटतं चाक निखळतंय. कधी खडा नसतो, टायर बदलताना कुणाचा तरी हात किंवा पाना लागून कव्हर वाकलेलं असतं. सरळ चालताना मिलिमीटरभर फट राहते आणि वळताना हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) जरासा कलला की टेकते. लांब स्क्रू ड्रायव्हरने कव्हर बोटभर मागे ओढलं की काम झालं. टायर किंवा ब्रेकचं काम झाल्यावर दुसऱ्याच दिवशी आवाज सुरू झाला असेल तर आधी हेच बघा, आणि त्याबरोबर चाकाचे नट. ढिल्या नटांचा आवाजही वळताना खुलतो, आणि त्यात थट्टा नाही.

मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत आणखी एक संशयित आहे, डिफरन्शिअल, म्हणजे वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची पेटी. त्यातले छोटे गिअर सरळ रस्त्यावर आपल्या पिनवर फिरतच नाहीत. वळताना आतलं चाक कमी आणि बाहेरचं जास्त फिरतं तेव्हाच ते कामाला लागतात. म्हणून वळणावरच, मागून, दळल्यासारखा आवाज आला तर तेलाची पातळी बघा आणि थोडं तेल बोटावर घेऊन उन्हात धरा. चमचमणारे कण फार असतील तर उघडावं लागेल. जुन्या जीपसारख्या गाडीत फोर बाय फोर चुकून चालू राहिलं असेल आणि तुम्ही डांबरी रस्त्यावर वळताय, तर गाडी अडखळत, टायर खरवडत वळते. ती बिघडलेली नाही, लिव्हर टू-व्हीलवर घ्या.

तिसरा प्रश्न: वेगात, स्टेअरिंग थोडंसंच कलवून

हाच माझा किस्सा. रिकाम्या, रुंद, सरळ रस्त्यावर ४०-५० च्या वेगात गाडी हलकेच डावीकडे, मग उजवीकडे कलवा, लेनमध्येच, सापासारखी. घरघर एका बाजूला कलताना वाढते आणि दुसऱ्या बाजूला कमी होते का? मग क्लच दाबा, किंवा गिअर न्यूट्रलला घ्या. इंजिन मात्र बंद करायचं नाही, स्टेअरिंग आणि ब्रेक दोन्हीचा जोर जातो. इंजिनचे फेरे खाली आले तरी घरघर तशीच, गाडीच्या वेगाबरोबर चालणारी, तर ती चाकाची आहे.

आता माझी चूक. उजवीकडे वळताना गाडीचं वजन डावीकडे झुकतं. बसमध्ये उभं राहून बघा, बस उजवीकडे वळली की तुम्ही डावीकडे जाता. म्हणजे उजव्या वळणावर डाव्या चाकाच्या बेअरिंगवर भार पडतो आणि झिजलेलं असेल तर ते तेव्हा ओरडतं. उजवीकडे वळताना आवाज वाढला तर डावं तपासा, डावीकडे वळताना वाढला तर उजवं. हा नियमही शंभर टक्के नाही. बेअरिंगमध्ये गोळ्यांच्या दोन ओळी असतात, आणि आतली ओळ झिजली की कधीकधी भार उतरल्यावर आवाज येतो. म्हणून नियमाने संशय घ्यायचा आणि जॅकवर खात्री करायची. मी दोन्ही केलं नाही.

कान फसवतो, त्याचं एक कारण असं की आवाज पत्र्यातून वाहत जातो आणि भलतीकडे बाहेर पडतो. यावर एक जुनी युक्ती आहे. काचा खाली करून एखाद्या लांब भिंतीच्या कडेने हळू गाडी चालवा, मग वळून उलट दिशेने, म्हणजे भिंत दुसऱ्या बाजूला येईल. ज्या बाजूचं चाक खराब ती बाजू भिंतीकडे असताना आवाज आदळून स्पष्ट परत येतो. शेजारी कुणाला तरी बसवा, आणि तो काय म्हणतो ते ऐकून घ्या. हे मी अनुभवाने सांगतोय.

बेअरिंगसारखाच हुबेहूब आवाज काढणारा सोंगाड्या म्हणजे विषम झिजलेला टायर. टायरवरून तळहात एकदा पुढून मागे, एकदा मागून पुढे फिरवा. एकीकडून गुळगुळीत आणि उलट फिरवताना करवतीचे दात लागले, तर टायर बोलतोय. आणखी खात्री हवी असेल तर त्याच बाजूचे पुढचे-मागचे टायर अदलाबदल करा. आवाज मागे गेला तर बेअरिंगचे पैसे वाचले. टायरचा आवाज गुळगुळीत रस्त्यावर आणि खडबडीत रस्त्यावर बराच वेगळा लागतो, बेअरिंगचा तितका बदलत नाही.

याच फेरीत ब्रेक हलका दाबून बघा. दाबल्यावर आवाज बदलला किंवा थांबला तर पॅड, कॅलिपर, डिस्क. नव्या पॅडचा मसाला साधारण १० ते १२ मिलिमीटर जाड असतो, ३ वर आला की बदलायचा. तो संपून पत्रा डिस्कला लागला असेल तर डिस्कवर बोटाला लागतील असे चरे दिसतात.

जॅक लावल्यावर

सपाट, टणक जमीन, मागच्या चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रल. जॅकने उचलून लगेच घोडी (लोखंडी स्टँड) लावा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोकंच काय, हातही घालायचा नाही.

चाक घड्याळ समजा. १२ आणि ६ वर धरून हलवा: खटका जाणवला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. ३ आणि ९ वर धरून हलवा: तिथेच खटका असेल तर टाय रॉड एंड (रॅक आणि चाक जोडणारा सांधा) किंवा रॅक. बेअरिंग की बॉल जॉइंट हे ठरवायला कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि १२-६ वर पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर डिस्क आणि नकल (बेअरिंग ज्यात बसतं तो भाग) एकमेकांना जखडले जातात, त्यामुळे खटका गायब झाला तर तो बेअरिंगचा होता. ब्रेक दाबूनही राहिला तर बॉल जॉइंटकडे बघा. ढिला बॉल जॉइंट असेल तर त्या गाडीने परत घरी जाऊ नका. तो सुटला की चाक आडवं होतं.

बेअरिंगमध्ये खटका नसला म्हणून ते चांगलं, असं नाही. माझ्या डाव्या चाकात तिळाएवढाही खटका नव्हता. तेव्हा दुसरी चाचणी: एका हाताने चाक फिरवा आणि दुसऱ्या हाताची बोटं स्प्रिंगवर टेकवा. चांगलं बेअरिंग असेल तर बोटांना काहीच लागत नाही. खराब असेल तर स्प्रिंगमधून वाळू चाळल्यासारखी बारीक थरथर येते. मी उजव्या स्प्रिंगवर बोटं ठेवली, काही नाही. डाव्यावर ठेवली आणि भावाकडे बघितलं. तो काही बोलला नाही, नुसता हसला.

एबीएसचा (ब्रेक लावताना चाक जखडू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा मधूनच लागत असेल तर तोही बेअरिंगविरुद्धचा साक्षीदार मानावा. बेअरिंग ढिलं झालं की चाकाचा वेग मोजणारा सेन्सर आणि त्याची रिंग यांच्यातलं अंतर हलतं.

बदललेलं बेअरिंग चार महिन्यांत का गेलं

तिसऱ्यांदा हब बाहेर काढला तेव्हा बेअरिंगची आतली रिंग हबच्या दांड्यावरून मेकॅनिकच्या हातातच घसरून आली. ती हाताने यायलाच नको. ती दांड्यावर इतकी घट्ट बसलेली असते की काढायला पुलर लागतो, कधी कधी ग्राइंडरने कापावी लागते. मी बॅटरी मारून बघितलं. दांड्यावर एक पट्टा आरशासारखा चकाकत होता आणि त्याच्या कडेला निळसर-तपकिरी छटा होती, तवा तापून येते तशी. रिंग दांड्यावर फिरत होती. बेअरिंगच्या आत गोळ्या फिरायच्या, त्याऐवजी अख्खी रिंगच हबवर घासत राहिली, तापली, ग्रीस जळलं.

ती का फिरली? जुनं बेअरिंग मी किती तरी महिने घरघरत चालवलं होतं, त्यातच दांडा झिजायला सुरुवात झाली असणार. नव्या बेअरिंगसाठी हब तोच ठेवला. दुसरं कारण ड्राइव्ह शाफ्टच्या (चाकाला जोर देणाऱ्या दांड्याच्या) टोकाच्या नटमध्ये सापडलं. हा नट एकदाच वापरायचा असतो: कसल्यावर त्याची कड छिन्नीने ठोकून शाफ्टच्या खाचेत बसवतात, म्हणजे तो सुटत नाही. आमच्या नटाची कड जुन्याच ठिकाणी दबलेली होती. म्हणजे जुनाच नट परत लावला आणि जुनी खूण खाचेसमोर आली तिथे थांबले, ताण किती आला ते न बघता. या नटाचा ताण अनेक गाड्यांत १५० ते ३०० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघावा, आणि टॉर्क पान्यानेच कसावा. बेअरिंगच्या दोन आतल्या रिंगा एकमेकींवर दाबून धरण्याचं काम हाच नट करतो. तो कमी कसला तर बेअरिंग पहिल्या दिवसापासून सैल. म्हणूनच नट पूर्ण कसेपर्यंत गाडी चाकावर खाली टेकवायची नसते.

बसवण्यातही मरणं असतात. बेअरिंग नकलमध्ये घालताना प्रेसचा दाब बाहेरच्या रिंगवर द्यायचा, आणि हब बेअरिंगमध्ये घालताना आतल्या रिंगला खालून आधार द्यायचा. उलट झालं, किंवा प्रेस नाही म्हणून हातोडीने ठोकलं, तर सगळा मार गोळ्यांवर येतो आणि रिंगच्या गुळगुळीत वाटेवर गोळ्यांचे ठसे उमटतात. असं बेअरिंग डब्यातून निघतानाच जखमी. घरघर तेव्हा लगेच नाही येणार, काही महिन्यांनी येईल. एबीएसच्या गाडीत अनेक बेअरिंगांच्या एका बाजूला चुंबकीय पट्टी असते, ती आत, सेन्सरकडे यायला हवी. उलटं बसवलं तर दिवा लागतो आणि सगळं काम पुन्हा. कुठली बाजू कुठली ते बघायला खिळा जवळ नेण्याचा मोह होतो, पण पट्टीला लोखंडाचा कण चिकटला किंवा ओरखडा गेला तरी सेन्सर गोंधळतो. त्यासाठीची तपासायची कार्डं मिळतात. हे सगळं ऐकून ज्यांच्या गाडीत हब आणि बेअरिंग एकत्र, बोल्टने बसणारं युनिट आहे त्यांनी सुटकेचा श्वास सोडावा, त्यांना प्रेस लागत नाही.

आम्ही नवा हब, नवं बेअरिंग आणि नवा नट, तिन्ही बदललं. नकलमधली बेअरिंगची जागा बोटाने चाचपून बघितली, तिथे ओरखडे नव्हते, म्हणून नकल वाचली. त्यानंतर १८,००० किलोमीटर झाले आणि उजव्या वळणावर फक्त टायरचा आवाज येतो.

बाकीच्या आवाजांच्या परत येण्याची कारणंही अशीच मूळ न बघितल्याची असतात. स्ट्रटचं रबरी माउंट बदलतात आणि त्याखालचं चपटं बेअरिंग जुनंच ठेवतात, किंवा स्प्रिंगचं टोक तिच्या खोबणीत बसत नाही. सीव्हीच्या बुटाची क्लिप नीट आवळत नाहीत, ग्रीस हळूहळू बाहेर येतं आणि वर्षात जॉइंट कोरडा. खोल पाण्यातून गाडी वारंवार नेली तर बेअरिंगच्या सीलमधून पाणी शिरतं आणि कितीही चांगलं बेअरिंग टाका, ते गंजणार.

गॅरेजमध्ये देताना मी आता एक चिठ्ठी लिहून देतो: उभी असताना आवाज नाही, ४० च्या पुढे येतो, उजवीकडे कलताना वाढतो, क्लच दाबला तरी जात नाही, ब्रेकने बदलत नाही. एवढ्या पाच गोष्टी असल्या की कुणी "बघतो, ठेवून जा" म्हणत नाही. काढलेला जुना भाग परत मागतो, नटासकट.

सध्या एकच आवाज शिल्लक आहे. थंड गाडी सकाळी पहिल्यांदा पार्किंगमधून काढताना स्टेअरिंग डावीकडे पूर्ण कापलं की उजव्या स्ट्रटच्या वरून एक लांब "कुर्रर्र" येते, दोन-तीन वळणांनंतर गप्प होते. तळहात ठेवून बघितलाय, माउंटच आहे, खटका अजून नाही. पुढच्या सर्व्हिसला दोन्ही बाजूंची माउंट आणि त्यांची बेअरिंग एकदमच बदलून घेणार आहे, आणि स्ट्रट उघडलेच आहेत तर चाकांचं अलाइनमेंटही त्याच दिवशी.